घरोघरच्या कलावस्तू व त्यांचे संग्राहक
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मॅट्रिकपर्यंत शिकून प्राथमिक शाळेत आयुष्य वेचलेल्या आमच्यासारख्या मास्तराने कलावस्तूंच्या संग्रहावर बोलावे, हे कित्येकांस धारिष्ट्याचे वाटेल. आमच्यापाशी संग्रह नाही. जो थोडाबहुत होता तो आम्ही विकून टाकला, आणि त्यानंतरच या विषयाची गोडी आम्हांस लागली.

मातोश्री निवर्तल्यावर माळ्यावरील तांब्यापितळेची भांडी आम्ही मोडीच्या भावाने दिली. त्यांत आजीचा मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता होता. दुकानदाराने पोलादी पात्याचे वजन अदमासाने वजा केले. बदल्यात स्टेनलेस स्टीलचे डबे घरी आले, आणि आपण मोठाच व्यवहार साधला अशा समजुतीत आम्ही राहिलो. पुढे काही वर्षांनी शाळेची सहल घेऊन पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाण्याचा योग आला. तेथे काचेआड अडकित्तेच अडकित्ते मांडलेले! मुलांना पुढच्या दालनात धाडून आम्ही तेथेच खिळून उभे राहिलो.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे व्यवसायाने चष्म्याचे दुकानदार व वृत्तीने कवी. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. सन १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. समया, करंडे, कलमदाने, वज्र्या, फण्या, वाद्ये, कोरीव दरवाजे, पैठणी चित्रे: जे जे सामान्य माणसाच्या हातांतून गेले ते ते त्यांनी गोळा केले. ज्या वज्रीने आपण पायाच्या टाचा घासतो ती जपून ठेवावी, हे त्या काळी कोणास सुचले असते? या कामी त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या नावे हे संग्रहालय उभे राहिले. सन १९७५ मध्ये हा सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या आसपास आहे. पैकी थोड्याच एका वेळी मांडता येतात.

असे वेड परदेशांतही अनेकांस लागले. स्वीडनचे आर्तूर हॅझेलियस सन १८७२ मध्ये डालार्ना प्रांतातून प्रवास करीत असता, तेथील जुना पेहराव व घरगुती वस्तू नाहीशा होत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्टॉकहोममध्ये प्रदर्शन मांडले, आणि १८९१ मध्ये 'स्कान्सेन' येथे खेड्यांतील घरेच्या घरे उचलून आणून उघड्यावर संग्रहालय वसविले.

जपानचे यानागी सोएत्सु यांची गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. कोरियातील साध्या मातीच्या भांड्यांनी त्यांचे डोळे उघडले. निनावी कारागिराने रोजच्या वापरासाठी घडविलेल्या वस्तूंत सौंदर्य असते, हे सांगण्यासाठी १९२५ मध्ये त्यांनी व त्यांच्या कुंभार मित्रांनी 'मिंगेई' हा शब्द रूढ केला. त्या वेळी कोरिया जपानच्या अंमलाखाली होता. राज्यकर्त्यांच्या देशातील या गृहस्थाने सेऊल येथील राजवाड्याचे महाद्वार पाडण्याच्या बेतास १९२२ मध्ये लेख लिहून विरोध केला, आणि कोरियन वस्तू कोरियातच राहाव्यात म्हणून १९२४ मध्ये सेऊलमध्येच त्यांचे संग्रहालय काढले. टोकियोतील त्यांचे संग्रहालय नंतरचे, म्हणजे १९३६ चे.

अमेरिकेतील अलेक्झांडर गिरार्ड यांनी पत्नीसह जगभरातील लाखाहून अधिक खेळणी, बाहुल्या व कापडे जमवून १९७८ मध्ये सांता फे येथील लोककला संग्रहालयास दिली. १९८२ पासून त्यांपैकी काही तेथे मांडलेली आहेत. परंतु वस्तूंजवळ नावाच्या चिठ्ठ्या नाहीत. प्रेक्षकाने आधी डोळे भरून पाहावे, असा त्यांचा हेतू. हेतू सुंदर खरा, पण आमच्यातील मास्तरास तो पटत नाही. वस्तू कोणत्या गावची, कोणी वापरली, कशासाठी वापरली, हे एकदा हरवले की ते पैसे देऊनही परत मिळत नाही.

ज्ञातीतील तरुण मंडळींपैकी काहींस हा छंद जडला आहे, हे आम्ही जाणतो. त्यांस दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुने, खाजगी माणसास परदेशी नेता येत नाही. देवळातील मूर्ती कोणी स्वस्तात देऊ केली, तर ती आली कोठून, हे आधी विचारावे. दुसरे असे की, नव्या पितळेस आम्ल लावून जुनेपणा आणणारे कारागीर पुष्कळ आहेत. खऱ्या वापराची झीज सर्वत्र सारखी नसते. अडकित्त्याची मूठ जेथे तळव्यात बसते तेथे ती गुळगुळीत होते, आणि कोपऱ्यातील नक्षी मात्र तशीच राहते. आणि हो, सापडलेली वस्तू त्याच दिवशी चिंचेने घासून लख्ख करू नका!

आमच्या घरी आता एक घंगाळ तेवढे उरले आहे. मोडीत घालताना ते जड म्हणून माळ्यावरून खाली उतरविलेच नव्हते. त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी नाव घातलेले आहे. लग्नात भांडी देताना नाव घालण्याची आपल्या घरांतून चाल होती. आमच्या आज्यापणज्या अशा रीतीने चिठ्ठी वस्तूवरच कोरून ठेवीत. गेल्या दिवाळीत आम्ही भिंग घेऊन ते वाचावयास बसलो. गावाचे नाव लागले, आडनावही लागले. पण मधली दोन अक्षरे घासून पुसट झाली आहेत. ते घंगाळ आजीचे की तिच्याही सासूचे, हे सांगणारे आमच्या कुटुंबात आज कोणी नाही. आजीच्या माहेरच्या मंडळींपैकी कोणी या सभेत असल्यास त्यांनी कृपा करून आम्हांस भेटावे. घंगाळ आम्ही सोबत आणले आहे. ते व्यासपीठाच्या उजव्या अंगास ठेवले आहे.