आईने टाकलेला खोका

दिवाळीची आवराआवर झाली का? आमच्या केंद्रात परवा तीच चालली होती. माळ्यावरून एक गंजका पत्र्याचा डबा खाली निघाला. आत जुन्या वह्या. दारात भंगारवाला उभाच होता. डबा त्याच्या काट्यावर चढणार, एवढ्यात आमच्यातली एक म्हणाली, "थांबा गं, आधी उघडून तरी बघू." त्या डब्यात काय निघालं ते शेवटी सांगतो. त्याआधी अशाच एका टाकलेल्या खोक्याची गोष्ट ऐका. गोष्ट आहे अमेरिकेतली.

आपल्याकडे क्रिकेट, तसा तिकडे बेसबॉल. फळीने चेंडू टोलवायचा आणि पळायचं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तिकडच्या सिगारेट कंपन्या पाकिटात जाड कागदाचा तुकडा घालत. सिगारेटी चेपू नयेत, एवढाच हेतू. पुढे त्या कागदावर खेळाडूंची चित्रं छापू लागले. नंतर तीच चित्रं च्युइंगगमच्या पाकिटातून मिळू लागली. यांनाच बेसबॉल कार्ड म्हणतात. आपली पोरं काडेपेटीचे छाप जमवायची, तशी तिकडची पोरं ही कार्डं जमवायची.

पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, कुणी सैन्यात गेली. मागे आईने खोली झाडली आणि कार्डांचा खोका कचऱ्यात गेला. पुढे त्या कार्डांना सोन्याचा भाव आला. तेव्हापासून तिकडे कितीतरी पुरुषांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "आईने माझी कार्डं टाकली नसती, तर आज मी श्रीमंत असतो!"

आम्ही हे ऐकलं आणि म्हटलं, बघू तरी, दोष खरंच आईचा का? या छंदावर ज्यांची मोठी छाप पडली, अशा तिघांची माहिती आम्ही काढली.

पहिले जेफरसन बर्डिक. जन्म १९०० सालचा. सिरॅक्यूज शहरात विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात ते कामगार होते. लग्न केलं नाही, पैसा बेताचाच. संधिवाताने बोटं वाकत चालली होती. पण कार्डं दिसली की ते जपून ठेवत. बेसबॉलचीच नव्हे, पोस्टकार्डं, शुभेच्छापत्रं, जाहिरातींची चित्रं, सगळंच. तोपर्यंत कुठल्या कंपनीने कुठली चित्रं काढली, याची धड यादी कुणाकडे नव्हती. बर्डिकनी १९३९ साली ती छापली. प्रत्येक संचाला अक्षर आणि आकडा दिला. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'टी'. १९०९ ते १९११ या काळातल्या एका संचाला त्यांनी दिलेलं 'टी २०६' हे नाव आजही तसंच चालतं.

आपला सगळा साठा त्यांनी विकला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. वस्तू ३,००,०००हून जास्त, त्यात बेसबॉलची कार्डं सुमारे ३०,०००. नुसता दिला नाही, तर वर्षानुवर्षं तिथे बसून दुखऱ्या हातांनी वह्यांत चिकटवला. १० जानेवारी १९६३ला काम पुरं झालं. दुसऱ्याच दिवशी ते दवाखान्यात दाखल झाले आणि मार्चमध्ये वारले.

दुसरे साय बर्जर. हे टॉप्स नावाच्या च्युइंगगम कंपनीत कामाला. १९५२ सालच्या संचासाठी त्यांनी ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, एका सहकाऱ्यासोबत नव्या कार्डांची आखणी केली. पुढे रंगीत चित्र, नाव, संघाचं चिन्ह. मागे खेळाडूने किती धावा काढल्या त्याचा हिशेब. पुढे सगळ्यांनी हाच नमुना उचलला. पण त्या संचातली शेवटची कार्डं बाजारात उशिरा आली. खेळाचा हंगाम सरला होता, माल पडून राहिला. बर्जर जत्रेजत्रेत तो स्वस्तात विकायला गेले, तरी कुणी घेईना. अखेर १९६० साली उरलेली खोकी पडावावर लादून अटलांटिक समुद्रात बुडवली. त्याच संचातलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड २०२२ साली लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. आपले सुमारे १०० कोटी रुपये!

आता सांगा मैत्रिणींनो, ज्याने कार्ड बनवलं त्यालाच ते ठेवावंसं वाटलं नाही. मग घर झाडणाऱ्या आईला काय स्वप्न पडणार होतं?

तिसरे जेम्स बेकेट. ओहायोतल्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कुठलं कार्ड कितीला विकलं जातं, हे त्यांनी लोकांना विचारून टिपलं आणि १९७९पासून भावाचं पुस्तक काढलं. १९८४ला त्याचं मासिक झालं. आता कुणालाही आपल्या कार्डाची किंमत कळू लागली. फसवणूक कमी झाली, हे चांगलंच. पण छंदाचा बाजारही झाला. १९८०च्या दशकाच्या शेवटी लोक कार्डं थप्पीने घेऊन, न उघडता माळ्यावर ठेवू लागले. पोराच्या शिक्षणाला कामी येतील म्हणून. कंपन्यांनीही बेसुमार छापली. यावेळी कुणाच्या आईने काही टाकलं नाही. आणि झालं काय? घरोघरी तीच खोकी असल्याने बहुतेकांना भावच राहिला नाही.

म्हणजे बघा, आयांनी टाकली म्हणून उरलेल्यांना भाव आला. सगळ्यांनी जपली तेव्हा ती रद्दीच्या मोलाची झाली. श्रीमंती हुकल्याचा दोष आईवर ढकलणं सोपं, पण हिशेबात ते बसत नाही.

मग जपायचं तरी काय? आम्हाला बर्डिकांचं पटतं. उद्या भाव येईल म्हणून त्यांनी जपलं नाही. कोण, कुठलं, कोणत्या सालचं, हे नीट लिहून ठेवलं आणि सगळ्यांना बघता येईल अशा जागी दिलं.

आता आमचा डबा. आत निघाली आमच्या बचत गटाची पहिली वही. दरमहा वीस-वीस रुपयांची नोंद, त्यापुढे सही नाहीतर अंगठा. त्यातल्या चौघी आज हयात नाहीत. एकीचं तर घरी छायाचित्रही नाही. तिचा अंगठा तेवढा त्या वहीत आहे. भंगारवाल्याच्या काट्यावर त्या वहीचे दहा रुपये झाले असते.

आम्ही वहीला नवं पुठ्ठं घातलं, वर गावाचं नाव आणि साल लिहिलं. तुमच्याही गटाची पहिली वही कुठेतरी असेलच. डाळीच्या डब्यामागे, नाहीतर सचिवबाईंच्या पेटीत. यंदा आवरताना ती शोधा, अंगठ्यांपुढे नावं लिहा आणि पुढच्या बैठकीत सगळ्या जणींना मोठ्याने वाचून दाखवा. बाकीचा पसारा खुशाल टाका. कुणी काही म्हणालं, तर त्यांना साय बर्जरांची गोष्ट सांगा.