थोरांची चरित्रे आणि आपला हात



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला इच्छापूरला बोलावलेत, याबद्दल मी ऋणी आहे. मी साहित्याचा अध्यापक. संगीतावर अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. परंतु संगीतकारांची चरित्रे हा साहित्याचाच प्रांत आहे, आणि वादन शिकणाऱ्याने ती कशी वाचावीत, एवढ्याच प्रश्नापुरते मी आज बोलणार आहे.

आपल्याकडे ही चरित्रे बहुधा चमत्कारकथांच्या थाटात सांगितली जातात. अमुक खाँसाहेब रात्र रात्र रियाज करीत, तमुक बुवांनी गुरुगृही वर्षानुवर्षे पाणी भरले. पेटी शिकणारा बारा वर्षांचा मुलगा हे ऐकतो आणि एक तर दबून जातो, नाही तर आविर्भाव तेवढा उचलतो. मान तशीच डोलू लागते. हाताला मात्र काही मिळत नाही.

याहून वेगळ्या वाचनाचे उदाहरण म्हणून मला गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे नाव घ्यावेसे वाटते. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या चालींचे कर्ते आणि ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटातील हरिश्चंद्र म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण मुळात ते पेटीवादक, आणि तेही रीतसर तालमीवाचून घडलेले. मी त्यांच्याकडे वळलो तो त्यांच्या गद्यामुळे. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र ही पुस्तके मराठीच्या अभ्यासकांनीही वाचावीत अशी आहेत. (आमच्या अभ्यासक्रमांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, हा वेगळा विषय आहे.)

पेटीची अडचण आपण जाणताच. पट्टी दाबली की सूर उमटतो, तो ठरलेल्या जागीच. दोन सुरांमधली वाट तिच्यापाशी नाही. मींड नाही, श्रुतीचा सूक्ष्म फेर नाही. याच उणिवेवर बोट ठेवून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दूर ठेवले होते. अशा वाद्याचा वादक आदर्श म्हणून कोणाकडे पाहतो, तर गवयांकडे, म्हणजे ज्यांचे सारे वैभव त्या मधल्या वाटेवर आहे त्यांच्याकडे! टेंबे यांनी गुरू मानले ते भास्करबुवा बखले यांना, आणि कोल्हापुरात त्यांना सहवास लाभला तो अल्लादियाखाँसाहेबांचा. दोघेही गायक. त्यांचे गाणे पट्ट्यांवर जसेच्या तसे उतरणे अशक्यच होते. मग घेण्याजोगे काय उरले?

भास्करबुवांचे (१८६९–१९२२) आयुष्य पाहा. कठोर गावचा हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत गाजत होता. इंदूरच्या मुक्कामात बीनकार बंदेअलीखाँ यांचे लक्ष त्याच्याकडे गेले. पुढे वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. बडोद्याला फैजमहंमदखाँ, मग आग्रा घराण्याचे नत्थनखाँ, आणि नाव झाल्यानंतरही पुन्हा शिष्य होऊन अल्लादियाखाँ, अशी त्यांची वाटचाल झाली. तीन घराण्यांच्या तीन रीती एका गळ्यात नांदवायच्या, तर प्रत्येकीतले काय ठेवायचे नि काय सोडायचे, हा निवाडा त्यांना रोज करावा लागला असणार.

अल्लादियाखाँसाहेबांचे (१८५५–१९४६) उदाहरण तर याहून बोलके आहे. रतलामजवळच्या अमलेटा संस्थानात असताना अतिगायनाने त्यांचा आवाज गेला. पुढे तो आला, पण पूर्वीचा गोडवा परतला नाही. खाँसाहेबांनी गेलेल्या आवाजाचा शोक न करता उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी रचली. तिच्यात सूर आणि लय एकमेकांत इतकी विणलेली आहेत की कोठे सैल जागा सापडत नाही. आपले साधन अपुरे आहे, हे मान्य करूनच ही इमारत उभी राहिली.

पेटीवाल्याला याहून उपयोगी चरित्र कोणते? त्याचे साधन तर जन्मतःच अपुरे. मला असे वाटते की टेंबे यांनी खाँसाहेबांकडून तानांपेक्षा ही रीत अधिक घेतली. मींड निघत नसेल तर पहिली पट्टी सुटण्याआधी दुसरी अलगद दाबावी, भात्याचा दाब किंचित आवरावा, कणस्वराने कानाला मधल्या वाटेचा भास द्यावा. हे पेटीवादकाचे उपाय आहेत. गवयाच्या गळ्यात ते शोधून सापडणार नाहीत. परंतु ते शोधण्याची बुद्धी गवयाच्या चरित्रातून मिळू शकते.

उलट दिशेचा धोकाही सांगितला पाहिजे, आणि त्याचे उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गवयांचे गाणे हुबेहूब गात, आणि सभा थक्क होत. पुढे मुंबईला देवधर मास्तरांकडे शिक्षण झाले. १९४८ साली ते देवासला आले ते क्षयाने ग्रासलेले, गाण्याला बंदी असलेले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, आणि काही वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या गाण्यात कोणाची नक्कल उरली नव्हती. लहान लहान स्वरावली, मध्येच थांबणे, मग एकदम उसळून वर जाणे! त्यांच्या दुखावलेल्या फुप्फुसाचा या घडणीत वाटा होता, असे अनेक जाणकार मानतात. आज ज्यांची दोन्ही फुप्फुसे शाबूत आहेत अशी मुले तेच तुटक श्वास गिरवताना दिसतात. बासरीवाले गिरवतात, व्हायोलिनवालेही गिरवतात. वास्तविक व्हायोलिनच्या गजाला धाप लागत नाही. मुलांना मी दोष देत नाही. आपण त्यांच्या हाती कुमारांचे गाणे दिले. ते गाणे कोणत्या अडचणीतून निघाले, हे सांगायचे राहिले.

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. एखाद्या वादकाची ध्वनिफीत मुलाला ऐकवाल, तेव्हा त्याला एवढेच विचारा की या माणसापाशी काय नव्हते, आणि त्याने त्याचे काय केले. मग त्याच मुलाला विचारा की तुझ्या हाताला काय जमत नाही. कोणाची करंगळी आखूड असेल, कोणाची लय धावत असेल, कोणाच्या घरी पेटी नसून रियाज शाळेच्या पेटीवर मधल्या सुट्टीत होत असेल. त्या उत्तरापासून पुढचा पाठ सुरू करता येतो.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काही भेट द्यायचे मनात आणले असेल, तर टेंबे यांची ही दोन पुस्तके मिळवून द्यावीत. फक्त ती ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता पेटीच्या शेजारी ठेवावीत.