पदराची उलटी बाजू
(सुवर्ण महोत्सवी सोहळ्यात भुईगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘कलावंत कोणास म्हणावे’ हा विषय संयोजकांनी मजवर सोपविला, तेव्हा मी संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापड-विक्रेता. चित्र अथवा गायन यांत मला गती नाही. तथापि चाळीस वर्षे हातांखालून वस्त्र गेले आहे. तेवढ्याच अधिकाराने दोन शब्द बोलतो.

आपल्या परंपरेत कलेचा उगम भगवान ऋषभदेवांपाशी सांगितला आहे. कल्पसूत्रात पुरुषांच्या बहात्तर कला, स्त्रियांच्या चौसष्ट आणि शंभर शिल्पे यांचा उल्लेख येतो. आवश्यक निर्युक्तीत शिल्पांचे मूळ प्रकार पाच सांगितले आहेत : कुंभार, लोहार, चित्रकार, विणकर आणि नापित. चित्रकार आणि विणकर एकाच पंक्तीत बसलेले आहेत, हे मला फार मोलाचे वाटते. आज आपण एकाचे चित्र चौकटीत लावतो आणि दुसऱ्याच्या कामाचा भाव करतो. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य व शिल्प अशी सहा कर्मे येतात. वाणिज्य आणि शिल्प तेथे शेजारी आहेत. मी त्यांतील वाणिज्याचा मनुष्य. शिल्पाशी माझे वर्तन कसे होते, तेच आज सांगावयाचे आहे.

सुमारे १९९२ सालची गोष्ट. लग्नसराईत पैठणीला मागणी फार. खरी पैठणी महाग, म्हणून मी यंत्रमागावरची मोर-वेलबुट्टीची साडी ठेवीत असे आणि गिऱ्हाइकाला बेधडक ‘पैठणी’ म्हणून दाखवीत असे. एके दिवशी एक वृद्ध बाई लेकीच्या लग्नासाठी आल्या. त्यांनी पदर हाती घेतला, उलटा केला. मागे सुटलेल्या, कापलेल्या धाग्यांचे झुबके होते. बाईंनी साडीची घडी नीट पूर्ववत केली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “शेठ, हिला पैठणी म्हणू नका. माझ्या आईची घरी आहे.” दुकानात आणखी चार गिऱ्हाइके होती. मला मान वर करवेना.

पुढील वर्षी मी येवल्यास गेलो. पैठण हे नाव आपल्याला परके नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणचे नाव येते, तसेच येथून जवळच असलेल्या आपल्या सोपाऱ्याचेही. विणकामाचे मोठे केंद्र मात्र पुढे येवला झाले. तेथे प्रथमच मी मागासमोर बसलो.

पैठणीच्या पदरावर नक्षी यंत्राने उमटत नाही. प्रत्येक रंगाच्या रेशमाची निराळी कांडी असते. एका मोरासाठी अनेक कांड्या. विणकर ताण्यातील धागे मोजतो, जेवढे हवेत तेवढ्यांतूनच तो रंग फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणतो. धागा मागे लोंबत राहत नाही, म्हणून खऱ्या पैठणीच्या पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. साध्या साडीस काही आठवडे, तर भरगच्च पदरास वर्षही लागते.

मी बसलो असता त्या विणकराने दोन बोटे विणलेले काम उसवावयास घेतले. मोराची मान किंचित जाड झाली होती. मला तर फरक दिसत नव्हता. मी व्यापाऱ्याच्या बुद्धीने विचारले, “कोणाच्या लक्षात येणार आहे?” तो म्हणाला, “शेठ, उद्या सकाळी याच मोरासमोर मला बसायचंय.” त्या दोन बोटांत त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी होती, आणि ती त्याला कोणी देणार नव्हते.

काही विद्वान म्हणतील, बांगडीमोर, नारळी काठ, आसावली हे सारे पूर्वजांचे नमुने. यात त्याचे स्वतःचे काय? मला हे पटत नाही. मोर पूर्वजांचा खरा, पण त्या मानेचा बाक त्या दिवशी त्यानेच ठरविला.

रेशमाच्या किड्याच्या हिंसेचा प्रश्न आपल्या समाजाने मला अनेकदा विचारला आहे. त्याचे समाधानकारक उत्तर मजजवळ नाही, आणि मी तो प्रश्न झटकूनही टाकत नाही.

परतताना गाडीत एक विचार सतावीत होता. त्या साडीवर विणकराचे नाव कोठेही नसते. खोक्यावर मात्र सोनेरी अक्षरांत माझ्या दुकानाचे नाव. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. यंत्रमागाच्या साडीला ‘यंत्रमागाची साडी’ म्हणू लागलो. त्या वर्षी विक्री घटली, वडील नाराज झाले. आणि प्रत्येक हातमागाच्या पैठणीसोबत विणणाऱ्याचे नाव व गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवू लागलो. पुढे २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला; त्याने गावाचे नाव सुरक्षित झाले, माणसाचे नाही.

बहुतेक गिऱ्हाइके ती चिठ्ठी वाचीत नाहीत. पुष्कळ जण गादीवरच टाकून जातात. रात्री दुकान वाढवताना मी त्या उचलतो आणि गल्ल्याशेजारच्या खणात ठेवतो. तो खण आता भरत आला आहे.

जय जिनेंद्र.