सायकल सगळ्यांची, निगा कोणाची?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आयुष्य बँकेत गेलं, म्हणून हिशेबाचंच बोलतो. मागच्या रविवारी खाली पार्किंगमधल्या सायकली मोजल्या. एकूण २३. चालू स्थितीत ४. बाकीच्या १९ गंज खात उभ्या आहेत आणि त्यात एक माझी आहे.

लहानपणी शाहूपुरीत आम्ही तासाच्या भाड्यानं सायकल घ्यायचो आणि रंकाळ्याला चक्कर मारून यायचो. दुकानदार वहीत नाव नि वेळ लिहायचा. वडिलांचं नाव सांगितलं की तीच हमी. ब्रेक लागत नसला तर तिथल्या तिथं पाना लावून द्यायचा.

२०१८ साली मुलाकडे पुण्याला होतो. तिथं डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली होती. मोबाईलवर कोड स्कॅन केला की कुलूप उघडायचं. मी एकदम खूश! तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी नकाशात सायकल दिसत होती, जागेवर नव्हती. शोधली, तर एका सोसायटीच्या गेटच्या आत, कुणीतरी स्वतःची असल्यासारखी ठेवलेली. पाचव्या दिवशी मिळाली तिची सीट वर होईना. तक्रार करायची ती मोबाईललाच. समोर माणूस नाही. मी नाद सोडला.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. पॅरिसमध्ये २००७ साली अशी मोठी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या काही वर्षांत हजारो सायकली चोरीला गेल्या, मोडल्या. तरी त्यांनी ती बंद केली नाही. दुरुस्ती करत राहिले.

मला यातून एवढंच कळलं, की वापरणाऱ्याचं समाधान तीन गोष्टींवर असतं. सायकल जवळ मिळावी, चालू असावी आणि बिघडली तर कुणीतरी जबाबदार असावं. शाहूपुरीतल्या त्या वहीत हे तिन्ही होतं.

म्हणून माझा प्रस्ताव. त्या १९ पैकी ज्यांना द्यायच्या आहेत त्यांनी द्याव्यात. त्यातल्या पाच दुरुस्त करून घेऊ. गेटजवळ एक वही ठेवू. हवा-ब्रेकची जबाबदारी वॉचमनवर ढकलायची नाही. दर महिन्याला एका मजल्यानं घ्यायची. आणि वहीत फक्त सभासदांचीच नावं नकोत. आपल्याकडं घरकामाला येणाऱ्या मावशी बसस्टॉपपासून उन्हातून चालत येतात. ज्यांना सायकल येते, त्यांचंही नाव लिहायचं. पंचवीस वर्षं घराच्या किल्ल्या आपण त्यांच्या हातात देतो. मग सायकलची किल्ली द्यायला काय हरकत आहे?

काही जण म्हणतील, "साहेब, सायकल चोरीला गेली तर?" जाईल एखादी. बँकेतही एखादं कर्ज बुडतं, म्हणून कर्ज देणं कुणी थांबवत नाही.

माझ्या सायकलची किल्ली मी आत्ताच सेक्रेटरींकडे देतो. पहिली नोंद माझी करा.