घरचं चर्च आणि कॉलेजचं चॅपेल

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांतली अनेक मुलं कॅथलिक कॉलेजात जातात. 1054 पासून दुरावलेली ही दोन चर्चेस. मग प्रवेश घेताना काय पाहावं?

पहिली गोष्ट मिस्सेची. ऑर्थोडॉक्स विद्यार्थ्यानं स्वतःहून मागितलं आणि त्याची योग्य तयारी असली, तर कॅथलिक नियम त्याला कम्युनियन देऊ देतो. ऑर्थोडॉक्स चर्च मात्र सहसा ते घेऊ देत नाही. म्हणून आधी आपल्या पाद्रींशी बोलावं, आणि कॉलेजजवळ ऑर्थोडॉक्स चर्च कुठे आहे तेही पाहून ठेवावं.

दुसरी गोष्ट सणांची. 2024 मध्ये कॅथलिकांचा ईस्टर 31 मार्चला होता, ऑर्थोडॉक्सांचा 5 मे रोजी. तेव्हा अनेक कॉलेजांत सत्राअखेरच्या परीक्षांची धामधूम असते. सुट्टीचं प्राध्यापकांशी आधीच बोलून घ्यावं.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. अनेक कॅथलिक कॉलेजांत धर्मशास्त्र सक्तीचं असतं. न्यूयॉर्कच्या फोर्डम या जेझुइट विद्यापीठात तर ऑर्थोडॉक्स परंपरेचं स्वतंत्र अभ्यासकेंद्रच आहे.

पालकांनो, मुलांना अडवू नका. आपली परंपरा त्यांना नीट समजावून द्या. ती पक्की ठाऊक असलेलं मूल दुसऱ्याच्या प्रार्थनेचाही मान राखतं.