निळ्या गोळीपासून सुरुवात



अकलूजच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत कायमची नर्स नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. त्यातल्या नर्सबाईंनी वजन, उंची, डोळे, दात यांच्या गडबडीतच पाळीविषयी बोलायचं असतं.

"लाजू नका" म्हटलं, की मुली माना आणखी खाली घालतात. त्यापेक्षा सहावीपासून आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीपासून सुरुवात करावी. ही गोळी मुलग्यांनाही असते. एखादा हटकून विचारतो, "आम्हाला कशाला?" वाढीच्या वयात लोह सगळ्यांनाच लागतं, मुलींचं पाळीतूनही जातं. झालं! 'पाळी' हा शब्द भर वर्गात उच्चारला गेला आणि आभाळ काही कोसळलं नाही.

मग मुलींशी वेगळं बसावं. तारीख चुकते, काही बिघडलंय का? पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होतेच. मात्र तासाला पॅड बदलावं लागत असेल, किंवा वयाची 15 वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं.

घरोघरी अजून कापड वापरतात. त्यात वाईट काही नाही, फक्त ते साबणानं धुऊन उन्हात वाळवायचं. नेमकं इथेच अडतं. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ते परकराखाली दमट राहतं. सोलापूर जिल्ह्यात उन्हाला काय तोटा? पण हे आईलाही सांगावं लागतं. 2018 साली अस्मिता योजनेत शाळकरी मुलींना 5 रुपयांत 8 पॅड मिळू लागली. किंमत उतरली, काळी पिशवी तेवढी सुटली नाही.

"घरात बाजूला बसवतात, ते बरोबर का?" हा प्रश्न तोंडी येत नाही, चिठ्ठीतून येतो. तेव्हा नातीचं आजीशी भांडण लावू नये. तुकोबांची पालखी सराटीला नीरास्नान करून अकलूजला येते, तेव्हा रिंगणाला आजी पुढे असते. त्याच वारकरी परंपरेतल्या सोयराबाईंनी, चोखोबांच्या पत्नीनं, चौदाव्या शतकात अभंगातून विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला होता. नर्सबाईंचं आजी ऐकेल न ऐकेल. चोखोबांच्या घरचं बोलणं मोडणं तिला जड जाईल.

आता नाजूक गोष्ट. काही नर्सबाई स्वतःच घरी चार दिवस देवघराला शिवत नाहीत, आणि मुली नेमकं तेच विचारतात. तेव्हा जे असेल ते सरळ सांगावं. टाळाटाळ केली, तर पुढची चिठ्ठी येत नाही.