पिकअप कोणती घ्यावी?

(केंद्रातील कार्यकर्त्यांच्या तिमाही बैठकीत आपल्या वाहनचालक कार्यकर्त्याने केलेले भाषण. थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



मला भाषणाची सवय नाही. गेली चौदा वर्षं मी आपल्या मिशनची गाडी चालवतो आणि गाडीत बोलणारे दुसरेच असतात, मी ऐकतो. पण जुनी पिकअप आता काढायची आहे, नवीसाठी देणगीदारांनी पैसे दिले आहेत आणि कोणती घ्यायची हे मला विचारलं आहे. म्हणून उभा राहिलो.

आपली गाडी काय काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे. जिंतूरच्या डोंगरातल्या आंध वाड्यांवर धान्य आणि वह्या-पुस्तकं पोचवते. पारधी वस्तीवर ताडपत्र्या नेते. दिवाळीच्या आगेमागे घरचे ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या पोरांच्या वसतिगृहाला भाजीपाला आणि सरपण आणते. कुणाचा जातीचा दाखला अडला तर कळमनुरीच्या प्रकल्प कार्यालयापर्यंत जाते. पावसाळ्यात येलदरीकडच्या आडवाटांनी जाताना काळ्या मातीत फसते, तेव्हा तुम्हीच उतरून ढकलता.

निर्णय एकट्याच्या डोक्यानं घ्यायचा नव्हता. महिनाभर जिथं गेलो तिथं पिकअपवाल्यांना विचारत फिरलो. सेलूत दूध गोळा करणारा भेटला, मानवतच्या कापूस बाजारात भाडं मारणारे भेटले, गंगाखेडचा मंडपवाला भेटला, वसमतला हळद नेणारे भेटले. त्यांचं सांगणं आधी थोडक्यात सांगतो.

सगळ्यात लहान टाटा एस. २००५ साली आली आणि लोकांनी तिला छोटा हत्ती हे नाव दिलं. डिझेलचं जुनं मॉडेल दोन सिलिंडरचं, सातशे सीसीच्या आसपास. पाऊण टन माल गावातल्या बोळांतून नेते, डिझेल कमी खाते. दूधवाला म्हणाला, "रोज ठरलेला रस्ता, ठरलेले कॅन, मला हिच्यापेक्षा मोठी नको." पण चाकं लहान. डांबर संपलं की तो तिथंच थांबतो. आपलं काम तिथून पुढं सुरू होतं.

तिच्यावर अशोक लेलँडची दोस्त, २०११ सालची. तीन सिलिंडर, सव्वा टन, पुढच्या मॉडेलला दीड टन. मंडपवाला तिच्यावर खूश आहे. स्टिअरिंग हलकं, शहरात वळवायला सोपी.

मग दीड टनाच्या पुढच्या. महिंद्राची बोलेरो पिकअप अडीच लिटर इंजिनची, टाटाची योद्धा दोन पॉइंट दोन लिटरची. आता दोघींतही दोन टनांपर्यंतची मॉडेलं मिळतात. आपल्या भागात बोलेरो जास्त, म्हणून तिचं काम जाणणारे फिटर आणि पार्ट तालुक्याच्या गावी लगेच मिळतात. योद्धावाले तिच्या ताकदीचं सांगतात. मी दोन्ही चालवून पाहिल्या. भरलेली गाडी चढाला घेऊन जायला दोन्ही पुरेशा आहेत.

दोन गोष्टी मात्र सगळे मालक एकमुखानं सांगतात, गाडी कोणत्याही कंपनीची असो. पहिली, १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचा धूर कमी झाला, पण सेन्सर वाढले. पूर्वी बांधावर पाना घेऊन जे दुरुस्त व्हायचं, त्याला आता लॅपटॉपवाला लागतो. दुसरी, रिकामी पिकअप उडते. मागचे पाटे दीड टनाच्या हिशेबानं कडक केलेले असतात. मागं वजन नसलं की खड्ड्यात गाडी टणाटण उडते आणि ओल्या मातीत मागचं चाक जागच्या जागी फिरतं. हळदवाले पावसाळ्यात रिकामं परतताना वाळूची चार पोती मागं टाकून ठेवतात. ही युक्ती मीही करतो.

अॅव्हरेज, पासिंग, हप्ता, टायर, विकताना काय येईल, या सगळ्यांवर मालक तासन् तास बोलले. मी शेवटी एकच प्रश्न विचारायचो, "मागं माणसं बसवता का?" त्यावर काहीजण हसले, काहींनी विषय बदलला. कापूसवाला एवढंच म्हणाला, "दादा, बसवावी लागतात."

आपणही बसवली आहेत. मीच बसवली आहेत. ते आज सांगायचं ठरवून आलो आहे.

नवीन लोकांना माहीत नसेल. काही वर्षांपूर्वी श्रावणात डोळे तपासणीचं शिबिर झालं. शिबिर तालुक्याच्या गावी आणि म्हाताऱ्या माणसांना वाड्यांवरून आणायचं होतं. जाताना दोन खेपा केल्या. परत येताना अंधार पडत होता, पाऊस भुरभुरत होता, दुसऱ्या खेपेचा कंटाळा केला. सगळ्यांना एकदम हौद्यात घेतलं. सतरा माणसं. ओढ्याच्या चढावर गाडी घसरली, मागं आली, एका बाजूला झुकली. सगळे एकमेकांवर गेले आणि फाळक्याची कडी निघाली. एक आजी खाली पडली. खुब्याचं हाड मोडलं.

उपचाराचा खर्च मिशननं केला. आजीच्या घरच्यांनी एका शब्दानं मला दोष दिला नाही, तेच जास्त जड गेलं. आजी अजून आहे. काठी घेऊन दारापर्यंत येते, रानात जात नाही. मी वाडीवर गेलो की चहा पाजते. एकदा मी विषय काढला, म्हटलं, गर्दी जास्त झाली होती आजी. ती म्हणाली, "गर्दीचं काही नाही रे बाबा. धरायला काही नव्हतं."

मी त्या वाक्यावर खूप विचार केला. दीड टन पासिंगची गाडी म्हणजे पन्नास किलोची तीस पोती. सतरा माणसं म्हणजे नऊ-साडेनऊशे किलो. वजनाच्या हिशेबानं गाडी एक तृतीयांशाहून जास्त रिकामीच होती. ड्रायव्हरला वाटतं, काहीच भरलेलं नाही. फसगत इथंच होते. पोतं तळाला पडून राहतं, त्याचं वजन खाली असतं. माणूस उभा असतो, त्याचं वजन छातीच्या उंचीवर. वळणावर पोतं हलत नाही, माणसं सगळी एकाच बाजूला झुकतात आणि गाडीलाही त्याच बाजूला ओढतात. ब्रेक मारला की पोतं पोत्याला अडतं, माणूस माणसावर पडतो. गाडी करणाऱ्यानं तो हौदा मालासाठी केला आहे. त्यात आसन नाही, पट्टा नाही, पकडायला दांडी नाही.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. २० मे २०२४ ला छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात बाहपानीजवळ तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत गेली. १९ जण गेले, बहुतेक बायाच. आणि पिकअप नसली तर ट्रॉली असते. ४ एप्रिल २०२५ ला वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. ७ जणी दगावल्या. गुंज काही लांब नाही. १९९९ पर्यंत हिंगोलीसह तो सगळा भाग परभणी जिल्ह्यातच होता. तेंदूपत्ता काय, हळद काय, ऊस काय, मजुरीला जाणारं माणूस मालाच्या गाडीतूनच जातं. आपण त्यांच्यासाठी काम करतो म्हणतो आणि त्यांना त्याच हौद्यात बसवतो, हे मला पटेनासं झालं आहे.

कायद्याचंही सांगतो, कारण अपघातानंतर मी वकिलांना भेटलो होतो. मालवाहू गाडीत प्रवासी नेणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, हे आपल्याला माहीत असतं. विम्याचं माहीत नसतं. १९९४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हा मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात आला. पण नुसतं फुकट बसून जाणारं माणूस त्यात येत नाही. आशा राणी प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट केलं. काही खटल्यांत कोर्ट विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करायला सांगतं, पण त्याची खात्री नाही. म्हणजे त्या रात्री आजीऐवजी सतराच्या सतरा जण जखमी झाले असते, तर आपण दरवर्षी भरतो तो विम्याचा हप्ता त्यांच्या कामी आलाच असता असं नाही. ज्यांच्या घरात उचल फेडायचीच काळजी असते, त्यांनी दवाखान्याचा पैसा कुठून आणला असता?

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

अमेरिकेत पिकअप घरोघरी असते. फोर्डची एफ मालिका तिथं १९४८ पासून चालू आहे. आपल्या एका हितचिंतकांनी तिकडच्या त्यांच्या गाडीचा फोटो मला पाठवला होता. आपल्या बोलेरोपेक्षा कितीतरी मोठी, पण मी पाहत राहिलो ते तिची केबिन. चार दारं, मागं पूर्ण आसन, प्रत्येकाला पट्टा. हौदा आखूड. मालक त्यात घरच्यांना घेऊन फिरतो आणि मागं सामान टाकतो. आपल्याकडे उलटं आहे. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि एक-दोन माणसं, बाकी सगळा हौदा. एवढी मोठी गाडी आपल्याला परवडणारही नाही आणि वाडीच्या बोळात वळणारही नाही. पण तशी केबिन आपल्याकडेही मिळते. बोलेरो कॅम्पर डबल केबिनची आहे, ड्रायव्हर धरून पाच माणसं आसनावर बसतात आणि मागं साधारण एक टन माल जातो. ती फोर-व्हील ड्राइव्हमध्येही आलेली आहे. योद्धातही डबल केबिनचा प्रकार आहे.

मालक मंडळी मला हसली. म्हणाली, डबल केबिन म्हणजे हौदा कमी, भाडं कमी, तोट्याचा सौदा. त्यांच्या धंद्यात ते खरं आहे. पण आपण भाडं मारत नाही. मी आपली मागच्या दोन वर्षांची लॉगबुकं काढून पाहिली. एक टनाच्या वर माल आपण महिन्यातून फार तर एकदा-दोनदा नेला. त्या दिवशी भाड्याची गाडी करता येईल. माणसं मात्र जवळजवळ प्रत्येक खेपेला होती.

म्हणून माझं म्हणणं असं. दोन टनी पिकअप घेऊ नका. डबल केबिनची घ्या. नवी परवडत नसेल तर चांगली जुनी बघू, चेसिस आणि पाटे मी स्वतः तपासून घेईन.

पण गाडी बदलून भागणार नाही. पाच जागांच्या गाडीत सहावा माणूस येणारच आहे आणि तो हौद्याकडेच बघणार आहे. म्हणून तीन गोष्टी ठरवाव्यात.

एक, हौद्यात कुणीही बसणार नाही. कार्यकर्ता नाही, पाहुणा नाही, पोरं तर नाहीतच. कुणी आग्रह धरला तर ड्रायव्हरनं गाडी सुरू करायची नाही आणि त्याबद्दल त्याला कुणी बोलायचं नाही. हे लेखी करा, कारण मोठी माणसं घाई करतात तेव्हा ड्रायव्हरला नाही म्हणता येत नाही. हे मी अनुभवानं सांगतो.

दोन, शिबिराला माणसं आणण्यापेक्षा शिबिर वाडीवर न्या. डॉक्टर, औषधाच्या पेट्या, चष्मे, टेबल, सगळं या गाडीत मावतं. शंभर म्हाताऱ्यांना हलवण्यापेक्षा पाच डॉक्टरांना हलवणं सोपं आहे. जिथं माणसं न्यावीच लागतील, तिथं एसटी किंवा प्रवासी पासिंगची गाडी करू. खर्च वाढेल. शिबिराच्या अंदाजपत्रकात तो आधीच धरा.

तीन, आजाऱ्यासाठी आधी १०८ ला फोन, बाळंतीण असेल तर १०२ ला. प्रत्येक वाडीत कुठं रेंज येते ते झाड, तो उंचवटा, आपल्या कार्यकर्त्याला माहीत असला पाहिजे.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, रात्री कुणाला साप चावला, ओढ्याला पाणी आहे, रुग्णवाहिका येत नाही, मग? मग मी निघेन ताई. रुग्ण मागच्या आसनावर, सोबत एक जण. बाकीचे चारजण हौद्यात चढायला बघतील, मायेपोटीच बघतील. त्यांना खाली उतरवायचं काम तुमचं. मला तेव्हा रस्त्याकडे बघायचं असतं.

गाडी आली की पहिली खेप त्या आजीच्या वाडीवर न्यायची, एवढी परवानगी द्या. तिला मागच्या आसनावर बसवून तालुक्याला डोळे दाखवायला नेणार आहे. त्या शिबिरात तिचा नंबर काढला होता. चष्मा तेवढा राहून गेला.